मुठीएवढ्या इंजिनाला काय पाजावं

ईश्वरदास कापगते दारू प्यायला लागला, ही बातमी आमच्या गावात मी पसरवली. बातमी खोटी होती हे मला नंतर कळलं, पण पसरवताना मजा आली हे कबूल करायला हवं. त्रेसष्ट वर्षांत ज्या माणसाने चहाखेरीज कसलीच सवय लावून घेतली नाही, तो दारू गाळणाऱ्या रुख्मिणीच्या घरामागच्या वाटेने शर्टाखाली बाटली दाबून येताना दिसला, तर ते कुणाच्या पोटात राहील? माझ्या तर नाहीच राहत. चैतरामच्या चहाटपरीवर पोहोचेपर्यंत वाटेतच चौघांना सांगून मी मोकळा झालो होतो.

ईश्वर आणि मी एका वर्गातले. तो इंजिन मिस्त्री. सौंदड स्टेशनापासून आमच्या गावापर्यंत जेवढ्या धानाच्या बांध्या आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हा माणूस कधी ना कधी उकिडवा बसलेला आहे. समोर डिझेल इंजिन खोललेलं, गुडघ्यावर काळं फडकं, आणि मागे धानरोवणीची घाई लागलेला शेतकरी बोंबलत उभा, "मिस्त्री, रोवणा थांबून राहिला ना जी!" चाळीस वर्षं त्याने लोकांची इंजिनं चालू केली. त्यात गुडघे गेले, कान अर्धे गेले, आणि बोलण्यात एकच वाक्य उरलं: "थकलो गा." सकाळी भेटला तरी थकलो, संध्याकाळी भेटला तरी थकलो. मी त्याला म्हणायचो, "ईश्वर, तू झोपेतून थकून उठतोस का रे?" तो म्हणायचा, "झोप लागली तर सांगतो."

झोप न लागण्याचं कारण घरातच होतं. त्याचा धाकटा भाऊ, दुलीचंद.

दुलीचंदचे हात सोन्याचे होते, असं आमच्या गावात अजूनही म्हणतात, आणि 'होते' या शब्दावर जोर देतात. गोंदियाला एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर होता. वीस वर्षं. कधीतरी त्याला भंगारात एक मुठीएवढं इंजिन मिळालं. कॉलेजच्या पोरांनी खेळण्यातलं विमान उडवायला आणलेलं, आपटून मोडलेलं. दुलीचंदने त्याला नवा पिस्टन केला, नवी स्लीव्ह केली, विमानाचा पंखा काढून पितळेचं चाक बसवलं, आणि चाकाला जोडला बोटाएवढा पाण्याचा पंप. आणि ते घेऊन तो दिवाळीनंतर मंडईला गावी आला.

आमच्या भागात दिवाळी सरली की गावोगावची मंडई लागते. प्रत्येक गावाचा ठरलेला दिवस. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, गुरं राखणारे गोवारी उंच काठीला बांधलेली ढाल नाचवतात, मासेमार ढिवरांच्या बाया उकडलेले शिंगाडे विकायला बसतात. त्या वर्षी दोघा भावांनी मंडईत एक मोठी परात मांडली. परातीत मातीचा तलाव, त्याला पाळ, पाळीत पाणी सोडायचं तुडूम, खाली पाट, पाटाच्या दोन्ही बाजूंना बांध्या आणि बांध्यांत खरी धानाची रोपं. तलाव बांधण्यात या कापगत्यांच्या पूर्वजांचं नाव, म्हणून परातीत तलावाला मान. खालचं पाणी मुठीएवढं इंजिन पुन्हा वर तलावात चढवायचं. बुटक्या बाटलीएवढी टाकी, पण आवाज असा की गोवाऱ्यांचे ढोल थांबले.

तेव्हा मी म्हटलंच होतं, "तलाव आज्याच्या आज्यानं बांधला, पानी आपोआप उतरते. मंग इंजिन कायले?"

ईश्वर म्हणाला, "आज्याच्या वेळी पाऊस वेळेवर यायचा."

पाच वर्षं ती परात मंडईत लागली. दूरदूरचे लोक पाहायला यायचे. मग दुलीचंदची बाटली सुरू झाली, नोकरी सुटली, बायको रीता माहेरी गेली, आणि तो एका पिशवीनिशी गावी परतला. इंजिन कोठीतल्या फळीवर गेलं. त्यानंतरची सात वर्षं ईश्वरने कशी काढली ते मी सांगत बसत नाही. सकाळी इंजिनं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी भावाला रस्त्यावरून उचलून आणायचं. ईश्वरची बायको सुमित्राबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "मले दोन लेकरं झाली, राहुल आन राखी. तिसरं हे सासू ठेवून गेली."

या होळीला दुलीचंदचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. गोंदियाच्या डॉक्टरने सांगितलं, आता एक घोट घेतलास तर पुढची होळी नाही. दुलीचंदने सोडली. खरंच सोडली. पण सोडल्यावर त्याच्याजवळ काही उरलंच नाही. दिवसभर तो अंगणात बाजेवर बसायचा, हात मांड्यांखाली दाबून. हात कापतात ते कुणाला दिसू नये म्हणून. कुणी पाना मागितला तरी उचलून द्यायचा नाही. आठ महिने हे असं.

ईश्वर मला म्हणाला, "हाताले काही काम लागलं नाही तर हे हात पुन्हा बाटलीलेच जातीन. मंडईले परात मांडतो मी. इंजिन चालू झालं पाहिजे. त्यानं एक डाव पाहिलं पाहिजे."

इथून ती दारूची भानगड सुरू होते, म्हणून इंजिनाबद्दल दोन शब्द. ईश्वरला मोठ्या इंजिनाचं सगळं येतं, पण हे पिल्लू वेगळ्या जातीचं. त्यात ठिणगी पडत नाही. डोक्यावर एक बारीक प्लग, त्यात केसाएवढ्या तारेचं वेटोळं. बॅटरी लावली की तार लाल होते, आणि इंजिन फिरायला लागलं की बॅटरी काढून घेतली तरी ती लालच राहते. पण ती अशी लाल राहते फक्त मेथॅनॉलवर. मेथॅनॉल म्हणजे रंगवाल्यांचं, कारखान्यांचं स्पिरिट. त्यात एरंडेल मिसळायचं, म्हणजे पिस्टन घासत नाही. दुलीचंद हे सगळं मंडईपुरतंच गोंदियाहून तयार करून आणायचा. डबा वर्कशॉपमध्येच ठेवायचा, घरी कधी नाही.

ईश्वर मंडईच्या पंधरा दिवस आधी गोंदियाला गेला. केमिकलच्या दुकानात जाऊन मेथॅनॉल मागितलं. दुकानदाराने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चाचा, काहे के लिए?"

"इंजिनासाठी."

"देखो चाचा, ये पीने वाली चीज़ नहीं है. पानी जैसी दिखती है, बास दारू जैसी. पर एक कटोरी गई अंदर तो आदमी अंधा. और दो गई तो सीधा ऊपर. आधार लाओ, लिख के दो, तब मिलेगी."

ईश्वर दुकानातून बाहेर आला आणि फुटपाथवर बसला. आधार त्याच्या खिशात होतं. पण त्याला आपलं अंगण दिसलं. पाण्यासारखी दिसणारी बाटली. वास दारूचा. आणि घरात आठ महिने कोरडा असलेला माणूस. बाटलीवर कवटीचं चित्र काढलं, कुलूप लावलं, तरी तहान लागलेल्या माणसाला काय अडवणार? त्याने मेथॅनॉल घेतलं नाही. तीनच्या गाडीने रिकाम्या हाताने परत आला.

आणि मग या शहाण्या मिस्त्रीने गाडीत बसल्या बसल्या जो विचार केला, तो चाळीस वर्षं लोकांची इंजिनं चालू करणाराच करू शकतो. स्पिरिटच पाहिजे ना? मग असं स्पिरिट पाहिजे की जे चुकून कुणी प्यायलं तरी मरणार नाही. मोहाची, पहिल्या धारेची! तिला काडी लावली तर निळी जळते, हे लहानपणी आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. विष टाळायचं म्हणून हा माणूस दारू आणायला निघाला. ज्या घरात दारूच विष, त्या घरचा माणूस.

रुख्मिणीच्या दारात काय झालं ते तिनेच मला नंतर पदर तोंडाला लावून सांगितलं.

"भाऊजी, तुमी?" तिला वाटलं पैशाचं काही काम असेल.

"पहिल्या धारेची पाहिजे. एक बाटली."

"पाहुने आले का?"

"नाही. इंजिनाले पाहिजे."

रुख्मिणी म्हणे, "भाऊजी, माझ्या दारात येणारा कोनी खरं सांगत नाही. कोनी म्हणते बैलाचं पोट फुगलं. कोनी म्हणते बुढीच्या पायाले चोळाले पाहिजे. इंजिनाले पाहिजे हे मी पयल्यांदाच आयकून राहिली. बसा, चाखून तर पाहा."

"मी घेत नाही वो."

"हेबी सगळेच म्हणतात."

ती बाटली शर्टाखाली घालून तो बाहेर पडला आणि मी समोरून आलो. मला पाहून तो असा काही दचकला की मी लगेच ओळखलं, काहीतरी चांगलं हाती लागलं आहे.

चैतरामने बातमी ऐकून गाळणी हातातच धरली. "मिस्त्री? आपला? खोटं बोलून राहिलास."

"या डोळ्यांनी पाहिलं."

"तुया डोळ्यात मोतीबिंदू हाये."

"बाटली मोतीबिंदूतूनबी दिसते."

संध्याकाळी बातमी पिठाच्या गिरणीत होती, दुसऱ्या दिवशी नागपूरला. राहुल तिथे कंपनीत आहे, त्याने आईला फोन केला, "बाबा प्यायला लागले म्हणे?" सुमित्राबाईने नवऱ्याला काही विचारलं नाही. ताट वाढलं, ताटाकडे पाठ करून बसली. ईश्वरने एकदा सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "एकाले सांभाळता सांभाळता माही कंबर गेली. आता तुमीबी. थकली मी." ते वाक्य त्याचं होतं. ते तिने घेतल्यावर त्याच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

खरं काय ते मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला सांगणार कोण? गावाला सांगणारा मीच.

बाटली ईश्वरने घरी नेली नव्हती. शेतावर इंजिनाची झोपडी आहे, तिथे ठेवली होती. फळीवरचं इंजिनही तो तिथेच घेऊन गेला. मोहाच्या दारूत एरंडेल मिसळलं, बॅटरी लावली, चाकाला दोरी गुंडाळून ओढली. ओढली, पुन्हा ओढली. इंजिन एकदा फुरफुरलं, शिंकलं आणि बसलं. पहिल्या धारेची असली तरी मोहाच्या दारूत पाणी असतंच. पाणी तारेवर बसलं की तार विझणार. ईश्वरला हे कळत नव्हतं असं नाही. तो प्लग पुसायचा आणि दोरी ओढायचा. चार दिवस रोज दुपारी हेच. खांदा भरून आला, तरी ओढायचा.

चौथ्या दिवशी तो घरी आला तेव्हा दुलीचंद बाजेवर बसलेला होता. ईश्वर हात धुवायला जवळून गेला, आणि आठ महिन्यांत आपणहून न बोललेला दुलीचंद म्हणाला,

"दादा, मोहाची हाये."

ईश्वर थांबला.

"पयल्या धारेची नाही. रुख्मिणीनं पानी मारलं तुले फसवून." मग थोडं थांबून, "तोंडाले वास नाही. हाताले हाये. कायले लागली तुले?"

ईश्वर खोटं बोलू शकला नाही. "इंजिनाले," म्हणाला.

 सुमित्राबाई दाराआडून ऐकत होती, आणि तिने पाहिलं की दुलीचंदने मांड्यांखालचे हात काढले आणि नाकाशी नेले. रिकामे हात. नुसते हुंगले आणि परत मांड्यांखाली घातले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बाज रिकामी होती.

ईश्वर माझ्या दारात आला. त्या दिवशी त्याने 'थकलो' म्हटलं नाही. "दुली नाही. बाटली झोपडीत हाये. चाल." मी चप्पलही शोधली नाही. धुऱ्यावरून चालताना त्याचे गुडघे पाहून मला माझीच लाज वाटत होती. म्हणून मी तोंडाने काहीबाही बोलत होतो. शेवटी विचारलं, "ईश्वर, तू खरंच पीत नाहीस ना?"

तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला शिवी दिली. मग पुन्हा चालायला लागला.

झोपडीचं दार उघडं होतं. दुलीचंद खाली पोत्यावर बसला होता. समोर बाटली होती. रिकामी.  ईश्वरने डोळेच मिटले.

"डोळे उघड दादा," दुलीचंद म्हणाला. "थाळीत हाये."

त्याच्यासमोर जेवणाची स्टीलची थाळी होती, आणि थाळीत इंजिनाचा एकेक भाग सुटा करून मोहाच्या दारूत भिजत घातला होता. पिस्टन, स्लीव्ह, वाल्व्हची सुई, चिमुकले स्क्रू. सात वर्षांत आत एरंडेल वाळून लाखेसारखं झालं होतं. ते सुटून दारू चहासारखी लाल झाली होती.

"तासभर बाटलीसमोर बसलो," तो म्हणाला. "झाकण दोनदा काढलं. मंग म्हटलं, हाताले काहीतरी पाहिजे. पाना घेतला." त्याने हात पुढे केले. कापत होते. "स्क्रू पडत होते. शोधले. पुन्हा पडले. पुन्हा शोधले. हे सारं एवढं घाण असताना तू दोरी ओढून राहिला होतास, मिस्त्री?"

ईश्वर पोत्यावर बसला. "मेथॅनॉल आनलं असतं तर चाललं असतं."

"चाललं असतं. कायले नाही आनलं?"

ईश्वरने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

दुलीचंदने एक स्क्रू फडक्याला पुसला. बराच वेळ पुसला. "मी प्यायलो असतो," तो म्हणाला. "आज असतं इथं, तर प्यायलो असतो. एकदाचा सुटलो असतो. धुवायले नसतं वापरलं." असं म्हणून तो हसला, आणि ते हसणं पाहवत नव्हतं. "दुसरं काही पाहू. पेट्रोलवर आनू."

"पेट्रोलवर हा प्लग नाही पेटत."

"म्हणून ठिणगीचा बसवू. गवत कापाच्या मशीनचा बारका प्लग येते. नवं डोकं करावं लागन त्याच्यासाठी. जुन्या मोपेडची कॉइल चालन. एरंडेल पेट्रोलात विरघळत नाही, तळाशी बसते, तर मोपेडमध्ये टाकतात ते टू-टीचं तेल घेऊ." तो बोलत होता आणि बोटाने धुळीत डोक्याचा आकार काढत होता. "तापन मात्र. मेथॅनॉलवर हे थंड चालायचं. पेट्रोलवर पाच मिनिटांच्या वर चालवायचं नाही."

मला राहवलं नाही. "पन दुली, आता पंपावरच्या पेट्रोलातबी वीस टक्के दारूच असते म्हणतात."

"तेवढी इंजिनाले पिऊ द्या भाऊ," तो म्हणाला. "पेट्रोलची बाटली घरी असली तरी मले तिची भीती नाही. माणूस एवढाबी गेलेला नसते."

नवं डोकं करायला लेथ लागणार होता. आमगावला भूपेंद्र म्हणून एकाचं वर्कशॉप आहे, दुलीचंदच्या हाताखाली शिकलेला. दोघे भाऊ सकाळच्या गाडीने गेले. ईश्वर सांगतो, भूपेंद्रने खुर्ची दिली, "उस्ताद, मैं कर देता हूँ," म्हणाला. दुलीचंद बसला नाही. पहिलं डोकं बिघडलं, दुसरं बिघडलं. ॲल्युमिनियमचा तिसरा तुकडा लावताना त्याने ईश्वरला मनगट धरायला सांगितलं. चाळीस वर्षं मोठी इंजिनं खोलणाऱ्या माणसाने भावाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि तसं धरून तासाभरात ते डोकं झालं. संध्याकाळच्या गाडीत दोघेही एकमेकांच्या खांद्यावर झोपले आणि सौंदड निघून गेलं. पुढच्या स्टेशनवर उतरून परत आले. हे मी गावभर सांगितलं, कारण ही बातमी खरी होती. हिच्यात कुणाला फार रस वाटला नाही.

मंडईचा दिवस. सात वर्षांनी परात मांडली. तलाव, पाळ, तुडूम, रोपं. पाहायला पूर्वीसारखी गर्दी नव्हती. लोकांना पाळण्यात बसायचं होतं, फोटो काढायचे होते. चैतराम होता, रुख्मिणी होती, मी होतो. सुमित्राबाई शिंगाड्यांची पुडी हातात धरून जरा लांब उभी होती.

चैतरामने विचारलं, "मिस्त्री, काय पाजलं आज? पयल्या धारेची का?"

ईश्वर म्हणाला, "तुले पाहिजे का? थाळीत ठेवली हाये. लाल झाली."

दुलीचंदने दोरी गुंडाळली. हात कापत होते, सगळ्यांना दिसत होते, त्याने मांड्यांखाली घातले नाहीत. ओढली. नाही. ओढली. इंजिन भडकलं, काळा धूर काढला, थांबलं. त्याने इंधनाची सुई अर्धा आटा आत घेतली. तिसऱ्यांदा ओढली आणि ते सुरू झालं. आवाज पूर्वीसारखा गोड नव्हता, फाटका होता. पण बोटाएवढ्या नळीतून पाणी वर चढलं, तलावात पडलं, तुडुमातून खाली उतरलं, आणि पाटातून पहिल्या बांधीत शिरलं. दुलीचंद घड्याळाकडे पाहत होता. पाच मिनिटं झाली आणि त्याने स्वतःच बंद केलं.

"पुन्हा लाव ना," रुख्मिणी म्हणाली.

"तापलं. थंड होऊ द्या. मंग लावतो." मग भावाकडे पाहून, "दादा, तू बस. आता मी पाहतो."

ईश्वरने आजूबाजूला पाहिलं. बसायला काही नव्हतं. त्याने माती आणलेलं घमेलं उपडं केलं आणि त्यावर बसला. सुमित्राबाईने जवळ येऊन न बोलता पुडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने एक शिंगाडा सोलला आणि तोंडात टाकला. दुसरा सोलताना त्याची मान खाली गेली. ढाल नाचत होती, ढोल वाजत होते, आणि ईश्वर घमेल्यावर बसल्या बसल्या झोपला होता.

मी त्याला उठवायला हात पुढे केला. सुमित्राबाईने माझा हात मागे सारला.

"राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "आन हे कोनाले सांगू नका."